डावं मागचं चाक

अश्विन लागला की आमच्या सोसायटीत गाड्या धुवायची घाई सुरू होते. एरवी महिनामहिना धूळ पांघरून उभ्या असलेल्या गाड्या नवरात्रात एकदम घरच्या माणसांसारख्या दिसू लागतात. कुणी शांपू आणतं, कुणी जुना बनियन, कुणी नुसताच कमरेवर हात ठेवून दुसऱ्याला सूचना देतं. परवा खाली उतरलो तर तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण आपल्या नव्या गाडीवर पाइपने पाणी मारत होता. पुढची दोन्ही चाकं झाली. तो मागच्या चाकापाशी आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी आतून बघून घे. मग धू."

"काय बघू, काका?"

"ओलं आहे का ते."

तो हसला. "पाणी मारल्यावर ओलं असणारच ना!"

त्याचं बरोबर होतं. मीही हसलो आणि भाजीची पिशवी घेऊन निघालो. पण त्या दिवशी मंडईतून मी काय आणलं ते बायकोला विचारावं लागेल. माझं मन एका जुन्या, गोल पाठीच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवं बसलं होतं.

ती गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा एका सरकारी खात्यात जीप चालवायचे. सगळं आयुष्य घाटांत आणि धरणांच्या कच्च्या रस्त्यांवर गेलं, पण कुणाला साधं खरचटलंही नाही. याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. फक्त कुणी अपघाताची गोष्ट सांगू लागलं की ते शांतपणे चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जात. निवृत्त होताना त्यांच्या साहेबांची जुनी गाडी त्यांनी घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लालबागची चाळ सोडून नेरूळला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोच्या पुढे ती गाडी होती. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर देवांचा डबा.

आई कायम मागेच बसायची. पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो, म्हणायची. अण्णा किल्ली फिरवायचे आणि आरशातून तिच्याकडे बघत विचारायचे, "साहेब, कुठे घ्यायची?"

"मंडईत घ्या. आणि हळू घ्या. तुमचे ते जुने साहेब गप्प बसत असतील, मी बसणार नाही."

"जी, साहेब."

रोज हेच संभाषण. रोज दोघं हसायचे. मला तेव्हा ते पोरकट वाटायचं. माझं लग्न व्हायचं होतं, बेलापूरच्या एका कचेरीत नवी नोकरी लागली होती आणि आपण फार समजूतदार आहोत असं मला वाटत होतं.

त्या वर्षांतलं नेरूळ आठवलं की पहिल्यांदा धूळ आठवते. मागच्या डोंगरात दगडाच्या खाणी चालू होत्या. दुपारी सुरुंग उडाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "आला पाहुणा." थोड्या वेळाने तो पाहुणा खरंच घरात यायचा. पांढरट, पिठासारखी बारीक धूळ. तुळशीच्या पानांवर, पापडांवर, देवांच्या टाकांवर. पाऊस संपला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की ती आणखी हलकी व्हायची. खाडीकडून संध्याकाळी वारा सुटला की त्यात चिखलाचा, मिठाचा वास मिसळायचा, आणि धूळ जराशी ओठांवर खारट लागायची.

ही धूळ गाडीवरून काढणं हे माझं काम. अण्णांची कंबर धरायला लागल्यापासून मी ते अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी दोन बादल्या पाणी, एक फडकं. मी वरवर धुणारा नव्हतो. मडगार्डच्या आत हात घालायचो, चाकांच्या आतल्या बाजूला वाकून पाणी मारायचो. सोसायटीतले लोक जाता-येता म्हणायचे, "मुलगा असावा तर असा." ते ऐकण्यासाठी मी आणखी वाकायचो.

आणि त्याच सुमारास अण्णा म्हणू लागले, "विजू, पॅडल खाली जातंय."

ब्रेकचं पॅडल. रोज नाही, कधीतरी. पाय ठेवला की नेहमीपेक्षा जरा खोल जायचं, आणि पुन्हा मारलं की कडक. आम्ही करावे गावात हिरामणकडे गाडी नेली. हिरामण मूळचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. गावाच्या कडेला त्याने पत्र्याची शेड टाकली होती आणि शहर वाढलं तशा तिथे गाड्याही येऊ लागल्या होत्या. आमच्या गाडीत ब्रेक ऑइलची टाकी ड्रायव्हरच्या पायाखालीच असायची. रबरी मॅट उचलली की एक झाकण. हिरामणने ते उघडून बोट घातलं.

"ऑइल जरा कमी हाय. भरलं. आता पलवा."

"पण कमी झालं कसं?" अण्णा म्हणाले. "गेलं कुठे?"

"काका, खाली तर कुठं थेंब नाय. तुमी पितां काय रातचे?"

अण्णाही हसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. घरी येऊन त्यांनी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी मी धुवायच्या आधी ते कागद ओढून काढायचे, उजेडात धरून बघायचे. कोरे. पुन्हा तीच तक्रार घेऊन हिरामणकडे गेलो तर त्याने पायाखालच्या सिलिंडरची रबरं बदलून दिली. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा, "खाली जातंय."

आता अण्णांना साखर होती. तळपायाला मुंग्या येतात, कधी चप्पल निघालेली कळत नाही, असं ते आईला सांगायचे. हे हिरामणलाही माहीत होतं. त्याने एकदा मला बाजूला घेतलं. "दादा, गारीला काय नाय झाला. काकांच्या पायाचा बगा." तो वाईट हेतूने बोलला नव्हता. गाडी त्याने दोनदा तपासली होती. पाय तपासणं त्याच्या हातात नव्हतं. आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटायला फार वेळ लागला नाही.

पितृपक्षातल्या एका संध्याकाळी आम्ही तिघं देवळातून परत येत होतो. सोसायटीच्या फाटकातून आत आलं की पार्किंगकडे जाणारा छोटासा उतार होता. त्या उताराच्या शेवटी, खांबाला टेकून, एक लाल तीनचाकी सायकल उभी होती. अण्णांनी ब्रेक मारला. गाडी थांबली नाही. डबा चेपल्यासारखा आवाज झाला आणि मग गाडी खांबाला लागून उभी राहिली.

सायकल होती सेक्रेटरी दामलेकाकांच्या नातीची. ते वरून धावत आले. "चिंगी! चिंगी कुठेय?"

"आजोबा, मी इथेय. पाणी पितेय!" बाल्कनीतून आवाज आला.

सगळ्यांचा श्वास सुटला, आणि सुटलेल्या श्वासाचा लगेच राग झाला. लोक जमले. दामलेकाका गाडीपाशी आले. "अण्णा, रागावू नका, पण आता बस झालं. पोरगी असती तिथे तर? मला तर बोलवत पण नाही."

अण्णा गाडीतून उतरले होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. "पॅडल खाली गेलं," ते म्हणाले. "दोनदा मारलं. खाली गेलं."

मी त्यांच्या जागेवर जाऊन बसलो आणि पॅडल दाबलं. पहिल्यांदा ते सहज, लोण्यात बोट जावं तसं आत गेलं. मी पुन्हा दाबलं. कडक. तिसऱ्यांदा, कडक.

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेवर विश्वास ठेवला. पहिली वेळ माझ्या पायाला कळली होती. मी ती मोजली नाही. त्या वेळी माझ्याभोवती माणसं होती, दामलेकाका माझ्याकडे आशेने बघत होते, आणि मला सगळ्यांदेखत जबाबदार मुलगा व्हायचं होतं. मी खाली उतरून मोठ्याने म्हणालो, "पॅडल कडक आहे. अण्णा, तुमचा पाय चालत नाही आता. मान्य करा."

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, किल्ली पुसली आणि माझ्या हातात दिली. किल्ली का पुसली, ते मला आजही कळलेलं नाही.

वर घरात आई माझ्यावर बरसली. "मी मागे बसले होते. दोन वेळा पाय मारल्याचा आवाज झाला. टक, टक. माझ्या कानांना पण साखर झालीय का?"

"आई, मारला म्हणजे जोरात मारला असं होत नाही."

"तुला फार कळतं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच सांगितलं, गाडी देऊन टाका. पनवेलचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी दसऱ्याच्या सकाळी येऊन ती घेऊन जाईल असं ठरलं. अण्णा व्यवहाराचं बोलताना इतके साधे बोलत होते की मला वाटलं, बरंच झालं, त्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही.

पण मी कचेरीत गेल्यावर घरात काय चालायचं ते आई सांगायची. अण्णा पलंगावर बसून उजवा पाय भिंतीला लावायचे आणि दाबून बघायचे. मग आईला बोलवायचे. "तळहात धर माझ्या पायाला. हं. आता सांग, जोर आहे की नाही?"

"मी पडले असते मागे!" आई मला सांगायची. "एवढा जोर आहे त्यांच्या पायात. पण त्यांना माझं पटत नाही. म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

सकाळी ते खाली जात. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करत आणि नुसते बसून राहत. मी खिडकीतून बघायचो. गाडी जागच्या जागी, आणि आत अण्णा एकटे. त्यांचा उजवा खांदा मधूनमधून किंचित हलायचा. ते ब्रेक दाबून बघत होते. गाडीचा की स्वतःचा, कोण जाणे. मी बादली घेऊन खाली गेलो की ते उतरून वर जात.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलोय. खाणी कधीच बंद झाल्या, खिडक्या थरथरत नाहीत. पापड वाळत घालणारी आईही नाही. हिरामणच्या शेडच्या जागी इमारत उभी आहे आणि त्याचा मुलगा तिथेच वर राहतो. हल्ली कधीकधी जिना उतरताना माझ्या पायाला शेवटची पायरी कळत नाही. मग मी कठडा धरून उभा राहतो, आणि आधी आजूबाजूला बघतो की कुणी पाहिलं तर नाही ना. एवढ्याशा गोष्टीची एवढी लाज वाटते. अण्णांना मी ती अख्ख्या सोसायटीसमोर दिली होती.

त्या वर्षी नवरात्र बसलं आणि पाण्याची मोठी लाइन फुटली. खाडीपलीकडे कुठेतरी काम चालू असताना जेसीबी लागला म्हणे. टँकर यायचा, पण पिण्यापुरता. दामलेकाकांनी जिन्यात पाटी लावली: गाड्या धुवू नयेत. आईने घट बसवले होते, दोन वेळची आरती होती, आणि घरातले हंडे-कळशा सगळे भरून रांगेत उभे. माझी बादली उपडी पडून राहिली. बघता बघता गाडीवर धुळीचा थर चढला. काचेवर कुणीतरी बोटाने फूल काढलं. नवरात्रात गाडी अशी उभी आहे याचं मला फार वाईट वाटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. अण्णांची हत्यारं म्हणजे पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, एक लाकडी दांड्याचा हातोडा. आदल्या दिवशी ते सगळं रॉकेलने पुसून लख्ख करायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. त्यांचा तो विश्रांतीचा दिवस. अण्णा याबाबतीत कडक होते. साहेबांची जीपसुद्धा ते त्या दिवशी बाहेर काढत नसत, रजा टाकायचे.

त्या वर्षीही त्यांनी सगळं तसंच केलं. पूजा आटोपून ते झेंडूचा हार आणि कुंकवाची वाटी घेऊन गाडीकडे निघाले.

"उद्या जायची आहे ती," मी म्हणालो.

आई म्हणाली, "जाणाऱ्याला ओवाळत नाहीत का?"

ते खाली गेले. थोड्या वेळाने खालून हाक आली. "विजू! खाली ये."

अण्णा मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. बाकीच्या तीन चाकांना कुंकवाची बोटं लागली होती. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आज गाडी धुतलीस?"

"पाणी कुठे आहे?"

"काल?"

"नाही. आठ दिवस झाले."

"मग हे ओलं कशाने?"

मी वाकून बघितलं. सगळ्या गाडीवर धूळ पिठासारखी कोरडी होती. पण या एका चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ती ओल्या सिमेंटसारखी गडद होऊन चिकटली होती. वरून खाली एक ओघळ उतरला होता, बोटाएवढा. अण्णांनी त्यावर बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग ते बोट माझ्या नाकाशी धरलं. "बघ."

जरासा गोड, जरासा मासळीसारखा वास. ब्रेक ऑइल.

ते चाकाच्या आत गळत होतं. पायाखाली नाही, जिथे हिरामण शोधत होता तिथे नाही. मागे, चाकाला लागून असलेल्या ब्रेकच्या गोल ड्रमच्या आत, जिथे चाक काढल्याशिवाय नजर पोचत नाही. जमिनीवर थेंब पडावा इतकं ते नव्हतंच. आत साठायचं, ओघळून टायरला लागायचं. आणि ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. ते तेलासारखा डाग धरत नाही. पाण्यात मिसळतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. रोज सकाळी, दोन बादल्या पाण्याने, वाकून, मडगार्डच्या आत हात घालून, मी ते धुऊन टाकत होतो.

मी तिथेच फरशीवर बसलो. अण्णांच्याही लक्षात आलं असावं. ते हळूच म्हणाले, "तू फार स्वच्छ धुतोस."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बघ, मी सांगत होतो" एवढंही ते म्हणाले नाहीत. ते चाकाकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणावं तर डोळे भरले होते.

"उघडू या," मी म्हणालो.

"आज?" त्यांनी मान हलवली. "हत्यारं पाटावर आहेत."

"उद्या सकाळी तो माणूस येईल, अण्णा."

"पूजेतली हत्यारं उचलायची नाहीत."

मी वर जाऊन आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले, पाटासमोर जाऊन नमस्कार केला आणि फुलं बाजूला सारून एकेक पाना ओच्यात घेऊ लागली. आम्ही दोघं खाली आलो. ओच्यात हत्यारं घेतलेली आई बघून अण्णा उभेच राहिले.

"अगं, देवीचा दिवस आहे!"

"देवीच्या आठ हातांत एवढी शस्त्रं आहेत. तुमच्या अकराच्या पान्यावाचून तिचं काही अडायचं नाही," आई म्हणाली. "आणि अडलंच तर मी बघून घेते. बाई बाईचं ऐकते."

आतलं रबरच गेलं असणार, आणि नवं रबर मात्र हवं होतं. स्कूटरवर अण्णांना मागे बसवून मी करावेला गेलो. हिरामणच्या शेडला तोरण होतं, होडीच्या एका इंजिनला हार घातला होता आणि तो नवा सदरा घालून खाटेवर बसला होता.

"काका, आज नाय हां. आज हत्याराला हात लावला तं माजी आय मला घरात घेनार नाय."

"हत्यार नको. मागच्या चाकाच्या सिलिंडरची रबरं दे."

हिरामण सरळ बसला. "मागच्या? मागं सापरला?" त्याने कपाळावर हात मारला. "मी पुढंच बगत बसलो. पॅडल पुढं, ऑइल पुढं, तं मनपन पुढंच जातं ना!" मग हार घातलेल्या इंजिनकडे एकदा बघून तो उठला आणि फळीवरचे डबे धुंडाळू लागला. "रबर काय हत्यार नाय. रबर म्हंजे खोडरबरपन असतंय." निघताना तो अण्णांच्या पाया पडला. "मी दादाला कायतरी बोललो व्हतो, काका. तुमच्या पायाचा."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "सणाचा दिवस आहे. जाऊ दे."

हिरामण बोलून मोकळा झाला. मी बाजूला स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभा होतो. मला त्याचा हेवा वाटला.

दुपारच्या उन्हात आम्ही चाक उतरवलं. ड्रम निघेना, अण्णांनी हातोड्याने कडेकडेने ठोकत, समजूत घालावी तसा तो सोडवला. आत ब्रेकचे बूट, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या दोन कमानी, ओले, काळे, चिकट झाले होते. सिलिंडरच्या टोकाचं रबर वाळून म्हाताऱ्या मनगटावरच्या कातडीसारखं झालं होतं, आणि त्याच्या कडेला नखाएवढी चीर. एवढ्याशा चिरेपायी सगळं झालं होतं. मी पेट्रोलचा बोळा पुढे केला तर अण्णांनी हात धरला. "रबराजवळ पेट्रोल नाही. फुगतं." सिलिंडर त्यांनी नव्या ब्रेक ऑइलनेच धुतला, नवी रबरं बोटांनी अलगद बसवली. बुटांना मी पॉलिश पेपर मारला. ते पुढे बदलून घेतलेच. दामलेकाका खाली आले, ओला टायर आणि फाटलेलं रबर बघितलं. ते वर गेले आणि आमच्यासाठी सरबताचे ग्लास घेऊन आले.

मग हवा काढायची होती. नळीत हवा राहिली तर पॅडल मऊच राहतं. याला दोन माणसं लागतात. अण्णा गाडीत बसले. मी मागे चाकापाशी गाडीखाली शिरलो. सिलिंडरच्या तोटीला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक औषधाच्या रिकाम्या बाटलीत. आई पुढे अण्णांच्या शेजारी बसली, आयुष्यात पहिल्यांदा, हातात ब्रेक ऑइलची बाटली घेऊन. पायाखालच्या टाकीतलं ऑइल संपू द्यायचं नव्हतं.

"दाबा," मी खालून ओरडायचो. मी तोटी सैल करायचो, नळीतून बुडबुडे धावायचे. "धरा. धरून ठेवा." मी तोटी आवळायचो. "सोडा."

"पाय वर घ्या आता, मला ओतायचंय," आईचा आवाज यायचा.

"साहेब, पायावर ओतू नका."

"गप्प बसा. दाबा."

गाडीखालून मला ते दिसत नव्हते. पण पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत गाडीच्या पोटाखालून गेलेली ती बारीक नळी माझ्या हातात संपत होती, आणि तिच्यातून त्यांचा पाय माझ्यापर्यंत येत होता. मी "धरा" म्हटलं की तो धरलेला असायचा. थरथर नाही, घाई नाही. मी तोटी आवळायला वेळ लावला तरी तो तसाच, घट्ट, संयमाने. माझ्या चिमटीत मी वडिलांच्या पायाचा जोर मोजत होतो, आणि तो पुरून उरत होता.

तोंड दिसत नव्हतं तेव्हाच बोलायला हवं होतं. तेवढी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही.

"अण्णा," मी म्हणालो.

"काय? सोडू?"

"नाही. धरा."

नळीतले बुडबुडे संपले. आत नुसतं स्वच्छ, मधासारखं ऑइल उतरू लागलं.

दसऱ्याला व्यापारी आला. अण्णांनी त्याला सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं, चहा पाजला आणि गाडी द्यायची नाही असं सांगून हात जोडले. मग आम्ही तिघं बेलापूरच्या टेकडीवर गेलो. तिथला उतार चांगला खडा होता, आणि सणाच्या दिवशी रस्ता रिकामा. वर जाऊन गाडी वळवली. अण्णांनी आरशात बघितलं, पण आईला काही विचारलं नाही. गाडी उतरू लागली. समोर खाली खाडी उन्हात चमकत होती. उताराच्या मध्यावर त्यांनी ब्रेक लावला.

गाडी जिथल्या तिथे उभी राहिली. आई पुढच्या सीटवर आदळता आदळता राहिली, इतक्या झटक्यात.

आणि अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

लहानपणी कधी जीपमध्ये आणि मग या गाडीत, मी त्यांच्या शेजारीच बसत आलो होतो. ब्रेक लावताना त्यांनी कधी कुणाकडे बघितलं नव्हतं. त्यांना गाडी पायातूनच कळायची. आता गाडी थांबली होती, पॅडल दगडासारखं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते.

"लागला, अण्णा," मी म्हणालो.

"हो ना?"

"एकदम लागला."

त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे घेतली. खालच्या वळणावर पुन्हा ब्रेक, पुन्हा ती नजर. "लागला," मी म्हणालो. चीर शोधली, रबर बदललं, हवा काढली. मी त्या संध्याकाळी जे बोललो होतो ते मात्र त्यांच्या आतच राहिलं होतं, आणि ते कुठल्या तोटीतून काढायचं हे मला माहीत नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षं अण्णा गाडी चालवत राहिले. कधी कुठे घासली नाही. पण ते फक्त रविवारी काढायचे, मी घरी असेन तेव्हा. मला वाटायचं, त्यांना माझी सोबत आवडते. ते गेल्यावर कधीतरी बोलता बोलता आई सहज म्हणाली, "तू नसलास की नाहीच म्हणायचे. म्हणायचे, तो शेजारी असला की मला कळतं, लागला की नाही."

रविवारी मी आवरून खाली येईपर्यंत ते आधीच गाडीत जाऊन बसलेले असत. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारचं दार माझ्यासाठी आतून ढकलून अर्धवट उघडलेलं.